बासनातला महाल

करंजघाटचा महाल दुधना नदीला अडवत नाही, आत घेतो. हे वाक्य माझ्या वडिलांचं आहे आणि ते शोधून काढायला त्यांना अकरा वर्षं लागली.

गावात त्याला राणीचा महाल म्हणतात. कोणती राणी, हे कुणाला ठाऊक नाही. नदीच्या वळणावर काळ्या पाषाणाची उंच भिंत उभी आहे, खाली रुंद आणि वर निमुळती होत गेलेली. तळाचे चिरे चुन्याशिवाय एकमेकांवर नुसते बसवले आहेत. त्यांच्यावर विटा आणि चुना, कमानी, नदीवर झुकलेला एक सज्जा आणि अर्धी ढासळलेली गच्ची. खालचं काम देवगिरीच्या यादवांच्या काळातलं आणि वरचं बहामनी अमलातलं असावं, एवढंच वडील म्हणायचे. त्यापुढे जाऊन कुण्या राजाचं नाव त्यांनी कधी जोडलं नाही. शिलालेख नाही. चिऱ्यांवर पाथरवटांच्या खुणा तेवढ्या आहेत: मासा, त्रिशूळ, फणी.

भिंतीच्या पायथ्याशी, पाणी जिकडून येतं त्या अंगाला, सात मोऱ्या आहेत. माणूस ओणवा होऊन आत शिरेल एवढ्या. त्यांच्यामागे खांबांचा एक लांबलचक दिवाणखाना आहे, अंधारा आणि थंड. गाव त्याला कैदखाना म्हणतं. वडिलांनी मोजून दाखवलं की तिथली फरशी एका बाजूला चार बोटं उतरती आहे आणि त्या उताराच्या टोकाला, पाणी जिकडे जातं तिकडे, नऊ मोऱ्या आहेत. पूर आला की नदी सात तोंडांनी आत येते, खांबांमधून फिरते आणि नऊ तोंडांनी निघून जाते. भिंतीला आतून आणि बाहेरून सारखाच रेटा बसतो, म्हणून ती सातशे वर्षं उभी आहे. उन्हाळ्यात त्याच मोऱ्यांतून नदीवरचा वारा येतो. मालकांनी वैशाखातल्या दुपारी तिथंच काढल्या असणार. ज्यानं हे बांधलं त्याला पक्कं ठाऊक होतं की घरातली सगळ्यात चांगली खोली दरवर्षी काही दिवस नदीला द्यायची आहे.

वडिलांचं नाव दत्तराव. वालूरच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक. मी आणि त्यांची धाकटी बहीण मनकर्णाआत्या, आम्ही दोघीही त्यांना दादाच म्हणायचो. आत्या लवकर विधवा झाली आणि मुलाला, भागवतला, घेऊन माहेरी परतली. त्याच वर्षी दादांनी महाल मोजायला घेतला. टेपचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं आत्याच्या. एकतीस वर्षं रविवार आणि सुट्ट्या दोघांनी तिथं घालवल्या. आई असेपर्यंत ती दोघांचा डबा पाठवायची आणि कुरकुरायची. गाव हसायचं. पारावर कुणीतरी हटकून विचारायचं, "सर, महाल मोजायलाव, का वाढायलाय का ते बघायलाव?"

दादांना राग यायचा नाही. ते एकेक माप तीनदा घ्यायचे, पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा आणि पुन्हा पुढच्या वर्षी. रात्री नाही, सकाळच्या उजेडातच ते वहीत चढवायचे. मी छत्रपती संभाजीनगरला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. जुन्या इमारतींवरची पुस्तकं मी त्यांना नेऊन द्यायचे आणि ती वाचून ते त्यांतल्या चुका मला दाखवायचे. वह्यांचे निदान फोटो काढून ठेवू द्या, असं मी किती वेळा म्हटलं. ते म्हणायचे, अपुऱ्या चित्राचा फोटो काढू नये. मला या उत्तराचा अभिमान वाटायचा. माझ्या कपाटातल्या निम्म्या पुस्तकांच्या लेखकांना एवढी लाज असती तर बरं झालं असतं, असं मी मैत्रिणींना सांगायचे.

दादा पौषात गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. तेरावं होईपर्यंत मी गावातच होते. वह्या देवघराशेजारच्या कोनाड्यात, लाल कापडात बांधलेल्या, रोज दिसत होत्या. हात लावायचा धीर झाला नाही. महिना घालायला मी गेले नाही, महाविद्यालयात तपासणी होती. आत्या फोनवर म्हणाली, तू फिकीर नको करू, आमी नीट करतो.

फाल्गुनात गावच्या व्हॉट्सॲप गटावर एक रंगीत चित्र आलं. दुधनेच्या काठाचं सुशोभीकरण. महालाच्या पायथ्याला लागून काँक्रीटची भिंत, तिच्यावर फरशा, स्टीलचे कठडे, दिव्यांचे खांब आणि जिथं सज्जा आहे त्याच्या बरोबर खाली फोटो काढायला एक गोल चौथरा. चित्रात महाल छान पिवळा रंगवला होता. मोऱ्या कुठंच नव्हत्या. काँक्रीटच्या मागे गेल्या होत्या.

मी सरपंच महारुद्रला फोन केला. महारुद्र दादांचा विद्यार्थी. म्हणाला, "ताई, महालाला हात लावीत न्हाई. उलटा त्याला टेका द्यायलाव." मोऱ्यांचं सांगितलं तर हसला. त्या सापांच्या बिळांपायी गावाचा घाट अडवायचा का, म्हणाला. पण हरकत घ्यायची असेल तर जरूर घ्या, तालुक्याच्या कचेरीत सुनावणी आहे, कागद घेऊन या. तारीखही त्यानंच सांगितली.

कागद माझ्याकडे होते, म्हणजे दादांच्या वह्यांत होते. प्रत्येक मोरीची लांबी, रुंदी, उतार. गेल्या तीस वर्षांतला प्रत्येक पूर आत किती चढला आणि किती वेळात उतरला. ते पाहिल्यावर कुणीही शहाणा अभियंता ती तोंडं बुजवणार नाही, याबद्दल मला शंका नव्हती. बुजवली तर येणाऱ्या पहिल्या मोठ्या पुरात नदीचा सगळा रेटा एकाच अंगानं बसेल आणि भिंत आत कोसळेल. हे दादांनीच एकदा चहाच्या कपात बिस्किटं उभी करून मला दाखवलं होतं. मी लेखी हरकत पाठवली, चार दिवसांची रजा टाकली आणि सुनावणीच्या चार दिवस आधी गावी पोचले.

आत्या अंगणात चिंचा फोडत बसली होती. मी हातपाय धुतले, देवघरात गेले आणि कोनाडा पाहिला. तिथं समई होती. वह्या कुठं ठेवल्यास, असं मी आतूनच विचारलं.

"पोचविल्या की," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात समाधान होतं. "महिना घातल्यावर. भागवतला संगं घेतलं, वरून हळद-कुंकू वाहिलं, आन् महालाखालच्या डोहात सोडल्या. बासनासकट. समद्या चौदा."

मी बाहेर येऊन तिच्यासमोर बसले. ती चिंचोके एका बाजूला सारत सगळं सांगत होती. आजोबांच्या पोथ्या जीर्ण झाल्या तेव्हा त्याही अशाच सोडल्या होत्या. पोथी जाळत नाहीत, रद्दीत देत नाहीत, वाहत्या पाण्यात सोडतात. वाचणारा गेला की पोथीनं घरात पडून राहू नये, वाळवी लागते आणि दोष लागतो. पाणी कमी होतं म्हणून धरणाचं पाणी सुटेपर्यंत ती आठ दिवस थांबली होती. हे सगळं तिनं अगदी विचारपूर्वक केलं होतं.

मी एवढंच म्हणाले, "आत्या, ती पोथी नव्हती."

तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मंग काय व्हतं, राजे? एकतीस वरीस मला हात धुवाय लावले ते कशापायी?"

ते सगळं खरं होतं. आजोबांच्या पोथ्यांचं लाल बासन घरात रिकामं पडलं होतं, जाड होतं, त्यात कसर लागत नव्हती, म्हणून दादांनी त्यात वह्या बांधल्या. देवघराची भिंत घरात एकच कोरडी, म्हणून कोनाडा तो. तेलकट बोटांचे डाग पडतात म्हणून हात धुतल्याशिवाय कुणी शिवायचं नाही, चपला घालून जवळ यायचं नाही, वही जमिनीवर ठेवायची नाही, पाटावर ठेवायची. प्रत्येक गोष्टीला साधं कारण होतं. ते कारण त्यांनी आत्याला कधी सांगितलं नाही. तिला वाचता येत नव्हतं. तिला दिसत होतं ते एवढंच की आपला भाऊ अंघोळ करून, बासन सोडून, मांडी घालून बसतो आणि त्यात लिहितो.

भागवत संध्याकाळी शेतातून आला. मी त्याला घेऊन डोहावर गेले. तो कमरेपर्यंत पाण्यात उतरला, पायानं तळ चाचपत फिरला आणि वर आला. दादा दौतीतल्या शाईनं लिहायचे. कागद सापडला असता तरी कोराच सापडला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सेलूहून नवा टेप आणि आलेखाची वही आणली. तीन दिवसांत अख्खा महाल होणार नव्हता. पण मोऱ्या आणि दिवाणखान्याचा उतार, एवढं झालं तरी पुरे होतं. आत्या न सांगता माझ्याबरोबर निघाली.

तिथं गेल्यावर कळलं की ठेकेदारानं मुरूम आधीच टाकून ठेवला आहे. सातांपैकी तीन मोऱ्या ढिगाखाली गेल्या होत्या. चार उघड्या होत्या. मी पहिलीपाशी टेप सोडला तर आत्या पलीकडे जाऊन नेमक्या चिऱ्यावर बोट ठेवून उभी. मासा कोरलेला चिरा. तिथूनच दादा माप धरायचे. मग ती पुढच्या खुणेवर गेली, मी काही बोलायच्या आत. आत, अंधारात, पाचव्या खांबापाशी ती वाकली आणि खांबाच्या बैठकीवरची एक खाच तिनं मला हातानं दाखवली. दोन हजार सोळाचा पूर. त्याच्या वर एक वीत, अठ्ठ्याण्णवचा. तिला सगळ्या जागा येत होत्या. मापाचा एकही आकडा येत नव्हता. मी विचारलंसुद्धा. आकडा दादा मनातच म्हणायचे, ती म्हणाली, मला फक्त 'सोड' म्हणायचे.

तीन दिवसांत तिनं वह्यांचं नाव काढलं नाही. जेवायला बसली की चार घास खाऊन उठायची. एकदा फक्त, मी आकडा लिहून घेत असताना, तिनं विचारलं की हे सायेब लोकांना चालंल ना. चालेल, मी म्हणाले.

माझी सात पानं झाली.

सुनावणीला अधिकारी म्हणून एक तरुण बाई होत्या. शांत, नीटनेटक्या, माझं सगळं ऐकून घेतलं. समोर महारुद्र आणि ठेकेदाराचा अभियंता. मी पानं पुढे ठेवली. बाईंनी ती एकेक करून पाहिली, दोन ठिकाणी नेमके प्रश्न विचारले. जागेवरच्या इतर तीन मोऱ्या कुठं आहेत? मुरमाखाली. पुराच्या खुणा कोणी, कधी केल्या? वडिलांनी. त्याची नोंद? नाही. अभियंता म्हणाला की त्यांच्या आराखड्यात पाणी जायला चार इंची पाइप दिले आहेत. महारुद्रनं आवाज न चढवता सांगितलं की गावाची एकमुखी मागणी आहे आणि सरांनी एवढी वर्षं मोजलं, पण गावाला कधी एक कागद दाखवला नाही.

मग बाईंनी बाजूची एक फाइल ओढली. मला वाटलं, घाटाच्या कामाची असेल. त्या म्हणाल्या, हरकत आल्यावर मी पुरातत्त्वाच्या कार्यालयातून या जागेची जुनी फाइल मागवली होती. तुम्ही पाहिलेली दिसत नाही.

फाइलमध्ये तीन पत्रं होती. दोन हजार चार, अकरा आणि एकोणीस सालची. तिन्ही दादांच्या नावानं. आपण केलेल्या मोजणीची माहिती मिळाली. नकाशांची एक प्रत पाठवल्यास वास्तू संरक्षित यादीत घेण्याचा प्रस्ताव करता येईल. तिसऱ्या पत्रात तर कार्यालयानं माणूस पाठवायची तयारी दाखवली होती. प्रत्येक पत्रामागे दादांचं उत्तर टाचलेलं होतं. ते हातचं, एकाही खाडाखोडीशिवायचं वळणदार देवनागरी अक्षर मी कुठंही ओळखलं असतं. पहिलं: मोजमाप पूर्ण झालेले नाही, झाल्यावर पाठवीन. दुसरं: अद्याप पूर्ण नाही. तिसरं थोडं मोठं होतं. अपुरे काम दुसऱ्याच्या हाती देणे मला योग्य वाटत नाही. शिवाय आपली माणसे येऊन घाईने मोजतील, त्यापेक्षा न मोजलेले बरे. कळावे.

मी ते दोनदा वाचलं. आधी वाटलं की या माणसाला मी ओळखत नाही. मग लक्षात आलं की ओळखते, चांगलीच ओळखते आणि मला याच गोष्टीचं कौतुक होतं. फरक एवढाच की मला दिलेलं उत्तर फोटोंबद्दल होतं.

बाई म्हणाल्या, "एक प्रत जरी इथं असती, तरी मी आज काम थांबवलं असतं." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांनी माझी सात पानं फाइलला जोडून घेतली, त्यावर तारीख घातली आणि हरकत फेटाळली. काम सोमवारी सुरू होणार होतं.

बाहेर महारुद्र पायऱ्यांवर थांबला होता. त्यानं माझी पिशवी हातात घेतली. राग मानू नका म्हणाला. दादांनीच त्याला चित्रकलेत पास केलं होतं, नाहीतर त्याला साधा आंबा काढता येत नव्हता.

"आन् ताई, तुमाला सांगायचं राहिलं. घाटाला आपण सरांचं नाव द्यायलाव."

मी नको म्हणाले.

"ठराव झालाय," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

बसमध्ये मी खिडकीशी बसले. कडेची ज्वारी काढून झाली होती आणि रानं मोकळी पडली होती. मी मनात हिशोब नव्हे, एक साधी मांडणी करत होते. आत्यानं वह्या पौषानंतर महिन्याभरानं सोडल्या. त्याआधी त्या एकवीस वर्षं वाचवता येण्यासारख्या होत्या. पहिलं पत्र आलं तेव्हा दादा त्रेपन्न वर्षांचे होते, सात मोऱ्या आणि नऊ मोऱ्या तोवर त्यांच्या मोजून झाल्या होत्या. नंतरच्या वर्षांत त्यांनी काय मोजलं? तेच. पुन्हा. गाव थट्टा करत होतं ती मला तोपर्यंत फार अडाणी वाटत आली होती.

घरी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. आत्या ओसरीवर बसून होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, मला पाणी दिलं आणि माझं पाणी पिऊन होईस्तोवर थांबली. काम थांबणार नाही, मी सांगितलं. ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "एक इचारते. खरं सांग. माझ्या गळ्याची आण हाय."

"विचार."

"वह्या असत्या, तर वाचला असता का महाल?"

खरं उत्तर माझ्याजवळ होतं. वह्या असत्या आणि दादाही असते, तर त्यांनी त्या दिल्या नसत्या. तीनदा मागितल्या, तीनदा दिल्या नाहीत. एवढं सांगितलं असतं की आत्या मोकळी झाली असती. तिनं जे पाण्यात सोडलं ते आधीच कुणाच्या उपयोगाचं राहिलं नव्हतं, हे तिला समजलं असतं. पण मग टेपचं टोक धरून ती एकतीस वर्षं उभी राहिली ते कशासाठी, तेही समजलं असतं. मी ते सांगितलं नाही ते तिच्यासाठी, असं म्हणता येईल. तसं नाही. मला ते पत्र वाचून आल्यावर, दादा जसे मला वाटत होते तसे निदान एका माणसाजवळ तरी शिल्लक हवे होते. त्याची किंमत तिनं द्यावी, असं मी ठरवलं. त्याला फार वेळ लागला नाही.

"हो," मी म्हणाले. "वाचला असता."

ती रडली नाही. तिला हेच ऐकायचं होतं असंही नाही आणि नव्हतं असंही नाही. थोड्या वेळानं ती जमिनीला हात टेकून उठली, आत गेली आणि चूल पेटवल्याचा आवाज आला. भाकरी थापताना ती एकदा थांबली, बहुधा डोळे पुसायला, मग पुन्हा थाप सुरू झाली.

तिनं एकच ताट वाढलं. माझं. तू का नाही घेतलंस, असं मी विचारलं तर म्हणाली, आज भूक न्हाई. आणि भिंतीला टेकून, माझ्याकडे पाहत बसून राहिली.

मी जेवले. दोन भाकऱ्या खाल्ल्या.